तीन बोटांचा घोडा

नव्वदच्या दशकात गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलेजात विज्ञान प्रदर्शन भरलं होतं. माझ्या टेबलावर घोड्यांच्या पुढच्या पायांचे प्लास्टरचे नमुने होते, जीवाश्मांवरून केलेले: चार बोटांचा, तीन बोटांचा आणि एका खुराचा. तिथे एक माणूस आला. टांग्याच्या घोड्यांना नाल मारतो, असं त्यानेच सांगितलं. एका जागी काही उभा राहीना. दाराकडे जायचा, बाहेरच्या रिक्षा बघायचा, परत टेबलाशी यायचा.

एकदम त्याने टेबलाकडे पाठ केली, तीन बोटांचा पाय उचलून, नाल मारताना धरतात तसा दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरला आणि कमरेचा खूर तासायचा चाकू काढला.

"ह्ये बाजूचं लय वाढलंय. छाटायला पाहिजे."

मी ओरडलेच. "काका, वाढलेलं नाही ते! जमिनीच्या जुन्या थरात चार बोटांचे घोडे सापडतात, त्यावरच्या थरात तीन बोटांचे आणि अगदी अलीकडच्या थरात एका खुराचे. कोट्यवधी वर्षांत बोटं कमी होत गेली."

चाकू तसाच थांबला. "छाटली कुणी?"

"कोणीच नाही. पिढ्यान्‌पिढ्या बदल होत गेला."

पाय जागेवर ठेवून तो पुन्हा दाराशी गेला आणि तितक्याच घाईने परतला. एका खुराच्या पायावरून हात फिरवत राहिला. मला वाटलं, त्याला पटलं नाही.

"ताई, आमच्या स्टँडवर टांगे कमी होत चाललेत," तो म्हणाला. "कुणी करत असतं, तर जाऊन हात तरी जोडले असते."