बाईंनी निवडलेला काळा डबा

बऱ्हाणपुरातल्या आमच्या इतवारा मोहल्ल्यातल्या मास्तरीणबाई प्रश्न विचारतात, तेव्हा तापीसुद्धा उत्तर आठवायला थांबते. त्यांच्या जुन्या गाडीचं इंजिन चालवणारा कॉम्प्युटर जळाला, तेव्हा मुलगा म्हणाला, "मम्मी, भंगारवाल्याला देऊन टाक ना आता." बाई म्हणाल्या, नवा बसवून गाडी असीरगडचा घाट चढली नाही, तर खुशाल दे.

सोबतीला मला, म्हणजे शेजाऱ्याला, घेऊन त्या इंदूरला गेल्या. दुकानदाराने विमानाला लाज वाटेल असा रंगीत स्क्रीनचा कॉम्प्युटर पुढे ठेवला. बाईंनी चष्मा पुसला. हे धोक्याचं लक्षण.

"भाऊ, हा बिघडला तर बऱ्हाणपुरात खोलणार कोण?"

"मॅडम, बिगडेगा ही नहीं."

"असं तर प्रत्येक आई आपल्या पोराबद्दल सांगते."

आणि बऱ्हाणपुरातच लालबागला बसणाऱ्या आमच्या मिस्त्रीला ज्याची सेटिंग जमते, तो साधा काळा डबा त्यांनी उचलला.

मिस्त्रीने डबा बसवल्यावर आम्ही असीरगडला निघालो, आणि घाटातल्या सगळ्यात उभ्या चढावर बाईंनी मुद्दाम इंजिन बंद केलं. "परीक्षा घ्यायची तर पूर्ण घ्यावी." मागच्या सीटवर मुलगा देवांची नावं घेऊ लागला. चावी फिरली, गाडी गुरगुरली आणि चढून गेली. मी खिडकीबाहेर कोपर काढून असा बसलो, जणू इंजिन माझंच होतं.