प्लगमधली फट

बसवकल्याणला उमरगा रोडवर काशीनाथ अण्णांचं गॅरेज आणि माझं स्पेअर पार्टचं दुकान एकाच भिंतीला टेकून आहेत. गाडी दुरुस्त होईपर्यंत गिऱ्हाईक माझ्याकडे बसतं, चहा होतो आणि किस्सा आपोआप तयार होतो. दुकानातला माल विकून संपतो, किस्से मात्र साठतच जातात. सध्या सगळ्यात जास्त मागणी मिलिंद सरांच्या जीपच्या किश्शांना आहे, तेव्हा तेच सांगतो.

मिलिंद सर कॉलेजात फिजिक्स शिकवतात. त्यांनी जुन्या पेट्रोल जीपला सुपरचार्जर बसवायचं काढलं. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जबरदस्तीने जादा हवा कोंबणारा पंप. दसऱ्याला चिटगुप्प्याजवळच्या एका माळावर जीपच्या चढाईची शर्यत असते, तिथे सरांना उतरायचं होतं. सोलापूरचे एक नावाजलेले उस्ताद त्या शर्यतीसाठी गाड्या तयार करतात. ते एकदा येऊन जीप बघून गेले. जाताना म्हणाले, "सर, हे बसवकल्याणचं काम नाही. गाडी माझ्याकडे पाठवा."

अण्णांनी हातातला पाना खाली ठेवला. "चढली न्हाई तर सुपरचार्जर मीच काढून सोलापूरला आणून देतो. गॅरेजवरची पाटी बी उतरवतो."

सर घाबरले. मीही घाबरलो, कारण अण्णांची पाटी उतरली तर माझ्या दुकानात कोण येणार?

*

आमच्या भागात इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या दोन टोकांमधली फट करवतीच्या पात्याने मोजायची पद्धत आहे. पातं जरा घासून सरकलं की झालं काम. अण्णांनी जीपलाही तेच केलं. सपाट रस्त्यावर जीप झकास पळाली. चढावर सरांनी ॲक्सिलरेटर दाबला, सुपरचार्जरने हवा कोंबली आणि जीप फटफट करत बंद पडली.

सरांनी समजावलं, "आत हवा दाटली की ठिणगीला लांब उडी मारता येत नाही, अण्णा. टोकं अजून जवळ आणा."

अण्णांनी प्लग डोळ्यांपुढे धरला. "म्हंजे घरात पाव्हणे जमल्यावर नवरा-बायकोचं होतंय तसं. बोलायचं तर कानाशी जावं लागतंय."

सर म्हणतात, हे वाक्य ते आता वर्गात वापरतात.

मग मी दुकानातून फीलर गेज काढून दिलं. त्यात मोजून केलेली पातळ-जाड पाती असतात. फट फार कमी झाली तर जीप उभ्या उभ्या थरथरायची, जास्त झाली तर चढावर गचके द्यायची. शेवटी एक पातं बरोबर लागू पडलं. अण्णा त्या पात्याला असे जपायला लागले की मलाही हात लावू देईनात!

*

जादा हवा म्हणजे जादा उष्णता. म्हणून जीपला कोल्ड प्लग घातले होते, म्हणजे उष्णता झटकन बाहेर काढणारे. ही बातमी कुठून तरी निंबर्ग्याच्या एका अप्पांपर्यंत गेली. ते मोटरसायकल घेऊन हजर.

"शर्यतीच्या गाडीला जे घातलास, तेच मला घाल."

अण्णांनी नको नको म्हटलं, पण अप्पा ऐकेनात. आठवड्यात परत आले. प्लग काजळीने काळा झालेला, किक मारून मारून अप्पांचा पाय सुजलेला.

"हा प्लग तापायला गाडी पळवावी लागतंय, अप्पा. तुम्ही कामून हळू चालवायलाव?"

"मागं म्हातारी बसते की. पळवली तर ती घरात घेईल का मला?"

अण्णांनी लगेच जुना प्लग बसवून दिला.

*

सरांनी एकदा इरिडियमचे भारी प्लग मागवले. सुईसारखं बारीक टोक. नवा प्लग फरशीवर हलकेच ठोकून फट कमी करायची अण्णांची जुनी सवय, त्यामुळे सरांनी सगळ्यांना उभं करून अर्धा तास लेक्चर दिलं. ठोकायचं नाही, टोकाला हात लावायचा नाही, श्वाससुद्धा जपून घ्यायचा. लेक्चर संपलं आणि सरांच्याच हातून प्लग निसटून फरशीवर पडला. टोक गेलं.

अण्णांनी कपाटातून साध्या टोकाचे कोल्ड प्लग काढून सरांच्या हातात दिले. "हे घ्या. हे ठोकलं तरी रुसत न्हाईत."

शर्यतीला शेवटी तेच गेले.

*

आता दसऱ्याचं ऐका. आदल्या दिवशी खंडेनवमी. गॅरेजातली सगळी हत्यारं पाटावर मांडून पूजा झाली. अण्णांच्या बायको महादेवी अक्का पूजेला फार नेटक्या. त्यांनी फीलर गेजचं एकेक पातं उघडून ओलं कुंकू लावलं. दसऱ्याच्या सकाळी अण्णांनी कपाटातले तेच नवे प्लग घेतले, फट मोजून बसवले आणि आम्ही सगळे माळावर गेलो.

प्रत्येक गाडीला दोन संधी. पहिल्या वेळी जीप अर्ध्या चढावर फटफट करत थांबली आणि मागे घसरत खाली आली. उस्ताद हसत हसत आले. "पाना देऊ का, अण्णा? सुपरचार्जर काढायला लागेल."

अण्णांचा चेहरा मला बघवेना. एवढ्यात भाकरीचं गाठोडं घेऊन आलेल्या अक्का पुढे झाल्या. चपला बाजूला काढल्या, गेज हातात घेतलं आणि ते पातं उघडलं.

"ह्याच्यावर कुंकू तसंच हाय की. ह्यानंच मोजलाव?"

"व्हय. देवाचं कुंकू मी कसं पुसू?"

सरांनी कपाळावर हात मारला. वाळलेल्या कुंकवाने पातं जाड झालं होतं आणि चारही प्लगची फट तेवढीच वाढली होती.

"मी लावलंय, मीच पुसते," अक्का म्हणाल्या. पदराने पातं पुसून त्यांनी ते कपाळाला टेकवलं आणि अण्णांच्या हातात दिलं. अण्णांनी चारही प्लग काढून पुन्हा मोजले, बसवले आणि गेज अक्कांकडे परत दिलं.

दुसऱ्या वेळी जीप कुठे अडखळली नाही. अर्धा चढ गेला, शेवटचा खडक गेला, सोलापूरच्या गाड्या जिथे थांबल्या होत्या ती जागा मागे पडली आणि जीप माथ्यावर उभी राहिली! सरांचा हात हॉर्नवरून निघेना. अण्णा उघड उघड रडले. मीही रडलो, लपवायचं कशाला?

गर्दीतून वाट काढत उस्ताद आले. आता हसत नव्हते. "अण्णा, मानलं तुम्हाला. कितीची फट धरली? ते पातं जरा दाखवा."

अण्णांनी अक्कांकडे बोट केलं. उस्तादांनी हात पुढे केला. अक्कांनी गेज छातीशी धरलं आणि त्यांच्या पायांकडे बघितलं.

"पूजेतलं हाय. बूट काढा अगोदर."

भर माळावर, सगळ्यांच्या देखत, सोलापूरचे उस्ताद वाकून बुटाची लेस सोडायला लागले.