फोन बंद आहे ना?

पत्रक मीच लिहिलं होतं. ‘यंत्र नको, दुभाषी द्या!’ शहरात, सदर भागातल्या एका दवाखान्यात डॉक्टर आणि पेशंटच्या मध्ये मोबाइल ठेवून भाषांतर सुरू झालं होतं. आमची बोली त्याला कळणं अशक्य, असं मी ठणकावून छापलं होतं.

त्याच दवाखान्यात मावशीला न्यावं लागलं. ती भिवापूरची. सगळी हयात मिरचीची देठं खुडण्यात गेली आणि आता दम लागत होता. डॉक्टर केरळच्या, नुकत्याच आलेल्या. पत्रकांचा गठ्ठा माझ्या पिशवीत होता.

त्यांनी काहीतरी विचारलं. फोन मराठीत बोलला, “काय त्रास होतो?”

मावशीनं डोक्यावर पदर घेतला आणि तहसीलदारापुढे बोलावं तसं फोनला म्हणाली, “काही नाही साहेब. बरं आहे.”

फोननं तेवढंच सांगितलं असणार, कारण डॉक्टर उठायला लागल्या.

माझं डोकं सटकलं. “काहून खोटं बोलून राहिली वं मावशी? जिना चढता येत नाही तुले!”

“चूप बस! मोठी आली पुढारीण! रातभर उशीले टेकून बसून राहतो मी, तुले सांगितलं कधी? सांगून काय होते? कामावरून घरी बसवान मले. मंग घर तू चालवशीन?”

ती थांबली. फोन मात्र मल्याळममध्ये बोलतच होता. डॉक्टर पुन्हा खाली बसल्या.

“रात्री किती उशा लागतात?” फोननं विचारलं.

म्हणजे त्याला सगळं कळलं होतं. माझं पत्रक खोटं ठरलं, सरळ सांगते. पण मावशीनं तोंडावर पदर दाबला होता. घरातलं भांडण परक्यापुढे उघडं पडलं होतं. पुढच्या एकाही प्रश्नाला तिनं उत्तर दिलं नाही.

एक्स-रेसाठी आम्ही बाहेर बाकावर बसलो. तिची नजर माझ्या मोबाइलवर.

“हा बंद आहे ना वं?”

मी तो बंद करून पत्रकांखाली सारला. तरी ती माझ्या कानाशी आली.

“थुंकीतून रगत येते. त्याले सांगू नको.”

त्याला. डॉक्टरांना नाही, त्याला.

मी आत जाऊन सांगितलं. फोनलाच सांगितलं, तिथं दुसरा दुभाषी होता कुठे?

औषधं सुरू आहेत. मी रोज भिवापूरला फोन लावते, आणि रोज एकच धास्ती, की ती खरं सांगणार नाही. मावशी म्हणते, “बरं आहे.” अगदी तशीच, साहेबाला म्हणावं तशी.