भाचीची तिसरी ओळ

बहिणीला नागपूरच्या दवाखान्यात हलवलं आणि तिची दोन पोरं माझ्या गळ्यात पडली. मी बालाघाटात मोबाईल दुरुस्त करतो. पोरं सांभाळायचा अनुभव शून्य. भाचा सहा वर्षांचा, त्याला कार्टून लावून दिलं की तो खूश. भाची दहाची. आईच्या पोटाचं छोटंसं ऑपरेशन आहे, दिवाळीच्या आधी येईल, असं तिला सगळ्यांनी सांगितलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते, हे फक्त भाऊजींना आणि मला ठाऊक होतं. पोरांसमोर तोंड पाडायचं नाही आणि त्यांना नागपूरला आणायचं तर नावच काढायचं नाही, असं भाऊजींनी तिथून फोनवर बजावलं होतं.

भाचीने बोलणंच सोडलं. जेवली का, हौ. शाळा कशी होती, अच्छी थी. बस. ताटातला भात तसाच राहू लागला. मी लुडो आणला, समोसे आणले, लालबर्ऱ्याच्या रस्त्यावर स्कूटरने फिरवून आणलं. पोरगी ढिम्म. मला तिचा राग यायचा आणि मग रागाचीच लाज वाटायची.

शेवटी कपाटातून माऊथ ऑर्गन काढला. जबलपूरच्या हॉस्टेलात मला ब्लूजचं वेड लागलं होतं, तेवढीच काय ती माझी विद्या. पोरांना सांगितलं, हे अमेरिकेत दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या काळ्या माणसांचं गाणं. एक ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत पोटातलं बाहेर काढायचं. सूर चुकला तर चालतो, खोटं बोललेलं चालत नाही. हे शेवटचं मी कुठल्या तोंडाने सांगितलं, देव जाणे.

भाच्याने लगेच माझ्या करपलेल्या खिचडीवर गाणं रचलं. मी हसत वाजवत राहिलो. भाची खिडकीशी बसली होती. मान न वळवता, बारीक आवाजात तिने म्हटलं,

"आई फोनवर हसून राह्यली,
आई फोनवर हसून राह्यली,
मामा, तू मोरीत जाऊन काहून रडते?"

मी थांबलो. सर्दी झाली आहे, म्हणालो. ती उठून माझ्यापुढे उभी राहिली. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. दर सणाला मला वाकताना ती पाहत आली होती, आणि त्या पायांना हात लावून मामा खोटं बोलत नाही, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

"माह्या पायाले हात लावून सांग, आई बरी होऊन येते."

मी वाकलो, खरंच वाकलो. एवढं एक वाक्य बोलून टाक, असं मनाशी घोकत होतो. पाय हाताला गार लागले आणि जीभ उचलेना. बहीण जाणार, हे मी तोवर स्वतःशीही म्हटलं नव्हतं. तिथेच फरशीवर बसून हमसून हमसून रडलो. भाचा घाबरून माझ्या पाठीला चिकटला.

भाची रडली नाही. मले तिच्यापाशी घेऊन चाल, म्हणाली, आजच.

भाऊजींना न विचारता दोघांचे कपडे पिशवीत कोंबले आणि दुपारची नागपूरची बस धरली. भाऊजी काय म्हणतील याची मला आता पर्वा नव्हती. बस गावाबाहेर पडल्यावर तिने एकच विचारलं.

"आई मले ओळखते ना?"

हौ, मी म्हणालो. सकाळच्या फोनपर्यंत तरी ओळखत होती.