सुरेशच्या मारेकरी पेशी

एखाद्या माणसाचे किस्से कधी साचत जातात, कळतच नाही. आधी एक असतो, त्याला सोबत म्हणून दुसरा येतो, आणि मग दोन मित्र भेटले की चहा येण्याआधीच तीन सांगून होतात! आमच्या सुरेशचं तसंच आहे. तो पारोळ्याचा, मी धुळ्याचा आणि मुरलीधर रावेरकडचा केळीवाला. जळगावच्या कॉलेजात तिघं एका खोलीत राहिलो. पुढे मी धुळ्यात मास्तर झालो, मुरलीधर बागेत परतला आणि सुरेश मुंबईच्या प्रयोगशाळेत सायंटिस्ट झाला. त्याच्या गोष्टी मी मीठमसाला लावून सांगतो, असं लोक म्हणतात. लावतो! पण शेवटच्या काही गोष्टींना मसाला लावायची माझी हिंमत झालेली नाही.

*

ऐंशी सालानंतरची गोष्ट. सुरेशला भडगावचं स्थळ आलं. मी आणि मुरलीधर त्याच्या बाजूचे पाहुणे! मुलीच्या वडिलांनी विचारलं, "मुंबईत काम काय करता?"

सुरेश सरळ माणूस. म्हणाला, "शरीरात काही पेशी मारेकरी असतात. त्या बिघडलेल्या पेशींना कशा मारतात, ते बघतो."

"नुसतं बघता?"

"हो."

"अडवत नाही?"

"छे! त्यांनी आणखी चांगलं मारावं म्हणून तर मला पगार मिळतो."

बैठक गार! मुलीच्या मामानं पुढे केलेली पोह्यांची बशी अर्ध्यातून मागे घेतली. पण आतल्या खोलीत मुलगी खुदकन हसली आणि लग्न ठरलं.

*

दर हिवाळ्यात मुरलीधरच्या बागेत भरीत पार्टी व्हायची. कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यात हिरवी लांबडी वांगी. वांगं फुटू नये म्हणून आधी त्याला टोचे मारायचे. हे काम सुरेशकडे. एकदा वांगं टोचता टोचता त्याला सुचलं.

"हे बघा! मारेकरी पेशी अशीच चिकटते, समोरच्या पेशीला भोकं पाडते आणि आत निरोप धाडते, की बाई, आता तू मर. मग ती पेशी स्वतःहून मरते."

मुरलीधर हातावर हात चोळत म्हणाला, "म्हंजे मारनारा घरातलाच?"

"घरातलाच."

"आन् बाहेरून पाह्यलं त ती आपोआप मेली?"

"बरोबर!"

"माझ्या चुलतभावाले सांगू नको रे. बांधावरून आमचं आधीच वाजलेलं हाये!"

*

पुढे सुरेश दोन वर्षं परदेशी राहून आला, तो जीन थेरपीचं वेड घेऊनच. मारेकरी पेशीत नवा जीन घालायचा, म्हणजे तिला नेमकी कॅन्सरची पेशी ओळखता येते, असं तो सांगू लागला. मुरलीधरनं विचारलं, "पन जीन आत नेतो कोन?"

"व्हायरस. त्याचं रोग करणारं सामान काढून घ्यायचं आणि आपलं सामान भरायचं."

मुरलीधरचा चेहरा बघण्यासारखा झाला. बागेत व्हायरस लागलेलं एक झाड दिसलं, तर हा माणूस ते मुळासकट उपटून पुरायचा आणि वर अंघोळ करायचा! तो सुरेशला म्हणाला, "तू माझा दोस्त हायेस. माझ्या घरी ये, जेव, झोप. पन बागेत यायच्या आधी हातपाय धू!"

त्यानं खरोखर बांधावर बादली ठेवली. सुरेशनं धुतलेही.

*

नव्वदच्या पुढची गोष्ट. मुरलीधरला सारखा ताप येऊ लागला. केळी वॅगनमध्ये भरायचा हंगाम होता, थकवा असेल असं सगळे म्हणाले. मग अंगावर निळे डाग दिसले. जळगावच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि मुंबईला पाठवलं. ब्लड कॅन्सर निघाला.

मी हॉस्पिटलात गेलो तेव्हा खाटेशी स्टूल ओढून बसलो. त्यानंच सुरुवात केली.

"मास्तर, नशीब पाहा माझं! दुसरा रोग निघाला असता त आपल्या ओयखीचं कोन होतं?"

त्याची आई, म्हणजे आमची अक्का, पलीकडे बसली होती. तिनं मान डोलावली. "हाव ना. सुरेश हाये ना."

सुरेश खिडकीशी उभा होता. तो वळलाच नाही.

*

औषधांनी मधे थोडा उतार पडला, तेव्हा मुरलीधरनं सुरेशची प्रयोगशाळा बघायचा हट्ट धरला. उंदरांच्या पिंजऱ्यांसमोर तो बराच वेळ उभा राहिला.

"यायले माझाच रोग होता?"

"तसाच."

"बरे झाले?"

"पुष्कळ झाले."

"मंग मलेबी उंदीर म्हनून भरती कर ना. कोनता पिंजरा देतो?"

मी हसलो. सुरेश नाही हसला. "मुरली, माणसाला देण्यासारखं व्हायला अजून दहा-पंधरा वर्षं लागतील."

"मी थांबतो की! मले काय घाई हाये? पन याले इचार." त्यानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

जाताना त्यानं शर्टाची बाही वर केली. "घे माझं रक्त. डॉक्टरायले मी सांगतो. तुह्या उंदरायलेबी बदल पाहिजे."

*

मुरलीधर गेला तेव्हा बागेत घड कापणीला आले होते. सुरेश मुंबईहून पोचला तोवर चिता पेटली होती. मुरलीधरचे काका, आमचे नाना, सुरेशपुढे येऊन उभे राहिले.

"तुह्या औषदाचं काय झालं?"

सुरेश एरवी पुस्तकातली मराठी बोलायचा. त्या दिवशी पारोळ्याची अहिराणी तोंडून आली. "नाना, ते आजून तयार नही शे."

"इतक्या वर्सात?"

"इतक्या वर्सात उंदरांपावत पोचलो."

नाना त्याचा दंड धरून म्हणाले, "चाल. आधी पानी पे. सकायपासून काही खाल्लं नसशीन."

*

वर्षश्राद्धाला सुरेश आला, तेव्हा त्यानं अक्काला सांगितलं, की मुरलीधरच्या रक्तातल्या पेशी प्रयोगशाळेत जिवंत आहेत. बहुतेकांच्या थोड्या दिवसांत मरतात. मुरलीच्या मात्र बाटलीत वाढतच राहिल्या.

अक्का ताडकन म्हणाली, "मले पाह्यचंय."

मीच तिला मुंबईला घेऊन गेलो. आयुष्यात पहिल्यांदा ती सूक्ष्मदर्शकापुढे बसली. सुरेशनं तिचा पदर सावरून दिला, डोळा कुठे लावायचा ते दाखवलं. तो खुशीत होता. कितीतरी महिन्यांनी त्याला मी असा बघत होतो.

"अक्का, गोल मोठ्या दिसतात त्या मुरलीच्या. आणि त्यांना चिकटलेल्या बारीक आहेत ना, त्या आमच्या मारेकरी. नवा जीन घातलेल्या. आता बघत राहा."

अक्का बघत राहिली.

"दिसलं? ती फुगली बघा. आता फुटेल. ती गेली! अक्का, हाच तो रोग. जमलंय! सगळ्या मरतील, एक राहणार नाही!"

अक्कानं भिंगावरचा डोळा हलवला नाही. "ह्या गोल गोल मुरलीच्या?"

"हो."

"आतापरेंत जित्त्या होत्या?"

"हो अक्का."

तिनं हात मागे केला आणि न बघताच सुरेशचं मनगट धरलं.

"मंग नको मारू रे भाऊ. येवढाच त राह्यला."