विमानाच्या शेपटीतले दाजी

ताईचं लग्न ठरलं तेव्हा दाजींना पहिल्यांदा पाहून वडिलांनी मला बाजूला घेतलं आणि कानात विचारलं, "अरे, नवरा मुलगा कुठाय? मला नुसता शर्टच दिसतोय."

असे आमचे दाजी. काडीपैलवान म्हणायचो आम्ही, अर्थात मागून. तोंडावर कसं म्हणणार, थोरल्या बहिणीचा नवरा! सैन्यात भरती व्हायला गेले, तर छाती मोजणाऱ्याने टेप गुंडाळून ठेवली आणि म्हणाला, "घरी जा, आधी जेव." गोदामात पोती उचलायला लागले, तर मुकादमाने दुपारीच हात जोडले. स्वभावाने म्हणाल तर गाय. काही सांगा, उत्तर एकच, "चालेल." चहा गार झालाय, चालेल. पगार उशिरा मिळेल, चालेल. ताई कपाळावर हात मारून घ्यायची. "ह्या माणसाशी भांडायचं तरी कसं?" म्हणायची. "भिंत तरी आवाज परत करते!"

मी धंद्याने पत्रेवाला. गाड्यांचे पोचे काढायचे, गंजलेला पत्रा कापून नवा बसवायचा. शहराबाहेर एका हौशी माणसाने स्वतःच्या पैशाने संग्रहालय काढलं होतं, तिथे मी कामाला लागलो. पुढच्या दालनात जुन्या मोटारी, पितळी भोंग्यांच्या, दाराखाली पाय ठेवायच्या पायफळ्या असलेल्या, आरशासारख्या पुसलेल्या. मागच्या मोठ्या शेडमध्ये लढाऊ विमानं. ती भंगारातून यायची, कुणाचा पंख नाही, कुणाची शेपटी नाही, आणि आम्ही ती हळूहळू उभी करायचो. मालकांच्या भावांनी मालकांना कधीच वेड्यात काढलं होतं. मालकांना त्याचं काही नव्हतं. सकाळी येऊन एकेका गाडीच्या बॉनेटवर हात ठेवायचे, जणू ताप बघताहेत.

विमानाच्या पत्र्याचं एक त्रांगडं असतं. तो रिव्हेटने जोडतात, आणि रिव्हेटला दोन माणसं लागतात. एक बाहेरून रिव्हेट गन धरून ठोकतो, दुसरा आत बसून त्याच जागी लोखंडी ठोकळा दाबून धरतो. पंखाशी ठीक आहे. पण शेपटीकडे विमान निमुळतं होत जातं, आत पत्र्याला आकार द्यायला गोल कडी बसवलेली असतात, आणि त्या कड्यांमधून सरपटत शेवटपर्यंत जाणारा माणूस आणायचा कुठून? आमच्याकडे सगळे खाऊनपिऊन सुखी. काम अडून राहिलं.

मला दाजी आठवले. दुसऱ्या दिवशी घेऊनच गेलो. मालकांनी त्यांना समोरून पाहिलं, बाजूने पाहिलं आणि चेहरा असा उजळला की काय सांगू! ज्या अंगापायी सगळ्या जगाने माणसाला दारातून परत पाठवलं, त्याच अंगाची इथे कुणाला तरी गरज होती. त्या दिवशी ताईने मला दारातच मिठी मारली. मलाही फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग आमची जोडी जमली. मी बाहेर, दाजी आत. गनच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आतला माणूस ठोकळ्याने पत्र्यावर ठोके देतो. एक ठोका म्हणजे बरोबर बसलं, दोन म्हणजे अजून थोडं, तीन म्हणजे बिघडलं, काढ. दाजी आत असले की पत्र्याआडून ठक्, ठक् येत राहायचं आणि मी पुढे सरकायचो. मेव्हण्याशी माणूस जेवढं बोलत नसेल तेवढं आम्ही ठोक्यांनी बोललो असू.

पण मधे एक गंमत व्हायला लागली. दाजींना भूक लागायला लागली. आधी दोन घासांत उठणारा माणूस, आता ताटावर आडवा हात मारायला लागला. गाल वर आले. शर्टाच्या आत माणूस दिसायला लागला. ताई खूश, मी मात्र वैतागलो. "अगं, त्यांना असं खायला घालू नकोस," मी म्हणायचो, "त्या पोटावर आपली विमानं उभी आहेत." ती उलट माझ्यावरच खेकसायची, "इतक्या वर्षांनी माझा नवरा पोटभर जेवतोय, तर तुझ्या डोळ्यांत का खुपतंय?" मी शेडमध्ये जाऊन दाजींना पाठीमागून ढकलायचो. "श्वास सोडा दाजी. अजून. हां, गेलात बघा!"

त्या दिवशी एका लढाऊ विमानाची शेपटी पुरी होत होती. दलदलीतून काढलेलं विमान ते, मालकांचा जीव की प्राण. शेपटीचे तुकडे त्यांनी कुठल्या कुठल्या भंगारवाल्यांच्या पाया पडून जमवले होते. शेवटचा रिव्हेट बसला, आतून एक ठोका आला. मीही बाहेरून एक ठोका दिला, म्हणजे झालं, या आता. आणि हात धुऊन चहाला गेलो.

चहा पिऊन आलो तरी दाजींचा पत्ता नाही. मी पत्र्यावर ठोकलं. आतून एक ठोका. म्हणजे ठीक आहेत. मी हत्यारं पुसायला घेतली. पुन्हा ठोकलं, पुन्हा एक. "दाजी, झोपलात की काय?" मी हसून ओरडलो. ठक्. मग मात्र मला राग आला. बॅटरी घेऊन आत डोकावलो तर शेवटच्या कड्याच्या अलीकडे दाजींच्या पायांचे तळवे दिसले. बोटं आखडत होती, सुटत होती. आतला दिवा विझलेला.

मागे येताना पोट कड्यात अडकलं होतं. हात अंगाखाली दाबले गेलेले, आवाज फुटायला छातीत जागा नाही, नुसता मनगटातून ठोकळा हलत होता, तोही एकदाच. एक ठोका म्हणजे बरोबर आहे. "वाचवा"साठी आमच्याकडे ठोकाच नव्हता हो! आणि मी गाढव, तोच एक ठोका ऐकून हत्यारं पुसत बसलो होतो.

पाय धरून ओढलं, तर आतून असा कण्हण्याचा आवाज आला की मी पाय सोडून दिले. आरडाओरड ऐकून मालक धावत आले. एका नजरेत त्यांना सगळं कळलं. मला वाटलं, आता हे विमानाकडे बघतील. कसचं काय! "काप पत्रा," ते ओरडले, "बघतोस काय, काप!"

"कापू कसा?" मी मालकांवरच ओरडलो. "पोट पत्र्याला चिकटलंय. पातं सरळ पोटात जाईल!"

एकच मार्ग होता. खालच्या पत्र्याचे रिव्हेट एकेक करून सोडवायचे, म्हणजे पत्रा आणि त्याला धरलेलं अर्धं कडं खाली उतरेल. ड्रिल नुसतं रिव्हेटच्या डोक्यापुरतं घालायचं. जरा जास्त गेलं की पलीकडे दाजी. मी शेपटीखाली उताणा पडलो. मालक माझ्या शेजारी, दिवा धरून. पांढरा सदरा तेलात लडबडलेला, आणि तोंडाने अखंड सुरू, "हळू. हळू रे. हां. पुढचा."

वॉचमनने फोन केला होता, ताई रिक्षाने आली. माझी तर तिच्याकडे बघायची छाती होईना. ती रडली नाही, ओरडली नाही. शिडीवर चढली, आत डोकं घातलं आणि चालू झाली, "अहो, ऐकताय ना? गॅस संपलाय. शेजारीण पुन्हा भांडली. आणि तुम्ही कपाटाची किल्ली कुठे ठेवलीत? आधी बाहेर या आणि किल्ली द्या मला." प्रत्येक वाक्यावर आतून ठक् यायचं. मग ते मंद झालं. मग ताई बोलत राहिली आणि आतून काही येईना.

घामाने ड्रिल हातातून निसटत होतं. रिव्हेटच्या शेवटच्या ओळीला मालकांना धीर निघेना. दिवा खाली ठेवला, पत्र्याच्या कडेत दोन्ही हातांची बोटं घातली आणि खाली ओढायला लागले. रक्त निघालं तरी सोडेनात. कर्र आवाज झाला, पत्रा वाकला, कडं सुटलं आणि आमचे दाजी धप्पकन थेट मालकांच्या अंगावर!

मग दाजी खोकले. अहाहा, काय खोकला होता! असा गोड आवाज मी उभ्या जन्मात ऐकला नाही. माझा जीव भांड्यात पडला. ताई मटकन शिडीच्या पायरीवर बसली आणि तेव्हा कुठे रडली. मालक खालून म्हणाले, "अरे, उठवा याला. जड आहे." आणि मग आम्ही सगळेच वेड्यासारखे हसत सुटलो.

दाजी एकच शब्द बोलत होते, "बाहेर. बाहेर." त्यांना अंगणात नेलं. तिथे बिनटपाची जुनी मोटार उन्हात उभी होती. तिच्या पायफळीवर त्यांना बसवलं. डॉक्टर आले, तपासलं, खरचटलंय फक्त, म्हणाले, काळजीचं कारण नाही. दाजी पाणी पीत होते आणि वर आभाळाकडे बघत होते.

आता सुटका झाली की माझ्यासारख्याचं तोंड सुटतंच. मी ताईला म्हणालो, "उद्यापासून यांना अर्धं ताट. पुढच्या विमानापर्यंत पहिल्यासारखे झाले पाहिजेत. काय दाजी?"

"नाही," दाजी म्हणाले.

मी चमकून बघितलं. हा शब्द त्यांना येतो हेच मला माहीत नव्हतं.

"मी परत आत जाणार नाही," ते म्हणाले. "मला भीती वाटते आत. पहिल्या दिवसापासून वाटते. अंधार होतो, छातीवर पत्रा येतो, आणि तुमची गन सुरू झाली की वाटतं, आता इथेच मरणार." मग ताईकडे बघून जरा ओशाळं हसले. "म्हणून तर खात होतो. म्हटलं जाड झालो की हे लोक आपणहून सोडतील. किती खाल्लं! पण ह्याचं आपलं रोज तेच, श्वास सोडा दाजी, गेलात बघा."

मालक बोटांना रुमाल गुंडाळत होते. ते खालच्या आवाजात म्हणाले, "अरे वेड्या, मग सांगायचं नाहीस?"

"पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, आत मावशील का," दाजी म्हणाले. "मी मावत होतो. भीती वाटेल का, असं कुणी विचारलंच नाही. आणि त्याआधी कुणी मला कशालाच हवं म्हटलं नव्हतं. म्हणून म्हटलं, चालेल."

ताईने पदराने त्यांच्या मानेवरचा गंज पुसला. मालक उठले आणि त्यांनी त्या मोटारीचं मागचं दार उघडलं. त्या गाडीत आजवर त्यांनी मंत्र्यालासुद्धा बसू दिलं नव्हतं.

"जरा पड," ते म्हणाले. "उद्यापासून ही तूच चालवायची. लोकांना आवारात फिरवून आणायचं, बस्स."

दाजींनी आधी गाडीला छप्पर नाही ना, ते नीट बघून घेतलं. मग मागच्या सीटवर आडवे झाले, एक हात दाराबाहेर, एक पाय पुढच्या सीटवर, जेवढं पसरता येईल तेवढं पसरले, आणि उन्हात तोंड उघडं टाकून घोरायला लागले.