फोनवाल्या काकू

आमच्या गल्लीतल्या फोनवाल्या काकूंनी आयुष्यात कधी कोणाचं बोलणं चोरून ऐकलं नाही, आणि तरीही अख्ख्या जुन्या जालन्यात लोकांच्या सुखदुःखाची त्यांच्याइतकी खबर दुसऱ्या कोणाला नव्हती. हे कसं जमत होतं, ते सांगायचं तर आधी त्यांच्या फोनचं सांगावं लागेल. काकूंचे यजमान कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम होते. ते गेले आणि एकुलता मुलगा नाशिकला नोकरीला लागला. आई एकटी राहते म्हणून त्यानं फोनसाठी नंबर लावला. बरीच वर्षं वाट पाहिल्यावर, एकदाचा तो काळा जड फोन काकूंच्या घरी आला. आमच्या गल्लीत तो पहिला आणि पुढं कितीतरी दिवस एकुलता एकच. मुलानं तो आईशी बोलायला घेऊन दिला होता खरा, पण त्या बिचाऱ्याला लाइन कधी मोकळी मिळतच नसे. कोणाचा भाऊ मुंबईहून बोलत असायचा, कोणाचा मामा तीर्थपुरीहून मोसंबीच्या बागेचं सांगत असायचा. शेवटी त्यानं पोस्टकार्ड टाकायला सुरुवात केली. काकूंना त्यात काही वावगं वाटलं नाही. "त्याला कार्ड लिहिता येतं," त्या म्हणायच्या, "ह्या लोकांचं काय?"

मी तेव्हा लग्न होऊन नुकतीच अंबडहून जालन्याला आले होते आणि प्राथमिक शाळेत शिकवत होते. काकू मला पहिल्या दिवसापासून 'मास्तरीनबाई' म्हणायच्या आणि अगंतुगं करायच्या. त्यांचा फोन देवघराशेजारच्या कोनाड्यात, लोकरीच्या झालरीखाली असायचा. त्याला हात लावायचा तर चपला उंबऱ्याबाहेर काढून. घंटी वाजली की काकू आधी डोक्यावरचा पदर नीट करायच्या, मग रिसीव्हर उचलायच्या आणि कोण, कुठून हे विचारायच्या आधी विचारायच्या, "जेवलात का?" समोरचा गोंधळून जायचा. एकदा फोनच्या ऑफिसातूनच कोणी लाइन तपासायला फोन केला. त्यालाही तेच विचारलं. तो बिचारा खरं बोलला, की डबा आज घरी विसरला. मग काकूंनी त्याला केळी आणून खा, नुसत्या चहावर दिवस काढू नको, तुझी आई कुठं असते, असं करत करत इतका वेळ धरून ठेवला की लाइन ठीक चालते हे त्याला वेगळं तपासावं लागलं नसेल.

निरोप द्यायला त्या स्वतः जायच्या. पोराटोरांच्या हाती निरोप दिला की वाटेत त्याचं वजन कमी होतं, असं त्यांचं मत होतं. निरोप चांगला असला तर दारातूनच हाळी द्यायच्या, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. वाईट असला तर मात्र आत येऊन बसायच्या, भाजी कोणती केली ते विचारायच्या, घरच्या बाईला पाणी प्यायला लावायच्या आणि मग सांगायच्या. त्यामुळं काकू गुपचूप आत येऊन भाजी विचारू लागल्या की आम्ही आधीच पाण्याचा तांब्या जवळ ओढून ठेवायचो. पुष्कळदा त्या खरोखर भाजीच विचारायला आलेल्या असायच्या.

आणि माणूस बोलायला बसला, की काकू खोलीत थांबत नसत. घर दीड खोलीचं, जाणार कुठं? त्या मागच्या पडवीत जायच्या, खलबत्ता पुढ्यात घ्यायच्या आणि चटणी कुटायला बसायच्या. दाणदाण आवाजात आतलं अक्षर ऐकू यायचं नाही. जवसाची, कारळाची, शेंगदाण्याची, जे हाताला लागेल त्याची चटणी. जितकं नाजूक बोलणं, तितकी चटणी बारीक. टेलरच्या घरच्या शाहीनभाभीचा भाऊ सौदीला होता. त्याचा फोन आला की भाभी बोलायच्या थोडं आणि रडायच्या जास्त. त्या दिवशीची चटणी पिठासारखी व्हायची. एवढी चटणी एकट्या बाईला खपणार कशी? ती वाट्यावाट्यांनी गल्लीभर जायची. आमच्या घरी कोणी पाहुणा चटणीचं कौतुक करू लागला की माझ्या सासूबाई हळूच म्हणायच्या, "भाभीच्या भावाची हाय."

एवढं सगळं सांगितलं, ते हसण्यावारी नेण्यासारखं आहे. पण याच काकूंवर एकदा सगळी गल्ली रुसली होती. तेही सांगितलं पाहिजे.

आमच्या समोर मंदाचं घर. मंदाचे वडील मोंढ्यात धान्याच्या पोत्यांची हमाली करायचे. मानी माणूस. मंदाला त्यांनी भोकरदनच्या पुढच्या एका गावी दिली होती. घर खाऊनपिऊन बरं, जमीन ओलिताखालची. लग्नाला दोन वर्षं झाली, तरी मंदा पंचमीला आली नाही की दिवाळीला नाही. सासू तिला बाजाराच्या दिवशी भोकरदनला सोबत आणायची आणि तिथल्या एसटीडीवरून माहेरी फोन करू द्यायची. मंदाची आई हातातलं काम टाकून धावत यायची. "बरी हाये, सगळे बरे हायेत," एवढंच मंदा बोलायची. आई तेवढ्यावर आठवडा काढायची.

पण आई येईपर्यंत फोन काकूंच्या हातात असायचा, आणि काकू सवयीप्रमाणं विचारायच्या, "जेवलीस का?" एका बाजारी मंदा म्हणाली, आज संकष्टी. पुढच्या बाजारी म्हणाली, एकादशी. त्याच्या पुढच्या बाजारी पुन्हा, "उपास हाय."

"कशाचा गं?" काकूंनी विचारलं.

 पोर म्हणाली, "एकादशी."

 मंदाची आई आली, काकूंनी तिच्या हाती फोन दिला आणि त्या पडवीत गेल्या. त्या दिवशी मी माझ्या फोनची वाट बघत तिथंच बसले होते. खलबत्त्याचा आवाज आला नाही. डोकावले, तर काकू नुसत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मंदाची आई गेल्यावर म्हणाल्या, "परवाच आमुशा झाली, मास्तरीनबाई. एकादशी कुठून आली?"

संध्याकाळी त्या मंदाच्या घरी गेल्या. भाजी विचारली नाही, पाणीही प्यायला लावलं नाही. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "तुमची लेक तिथं उपाशी राहून राह्यली. जा, घेऊन या."

मंदाचे वडील जेवत होते. त्यांचा घास हातातच राहिला. "ती तसं बोलली का?"

"बोलली न्हाई. बोलल कशी? सासू बाजूला उभी ऱ्हाती."

"मंग तुमाला काय सपान पडलं? दिली ती दिली. असं बोलावल्याबिगर जाऊन उभं राह्यलं तर चार मानसांत काय इज्जत राहील माझी?"

मंदाच्या आईच्या तव्यावरची भाकरी करपली. काकू परत आल्या.  पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी मला म्हणाल्या, "उद्या सुट्टी काढ. माझ्यासंगं चल. तुला काही बोलायचं न्हाई. शिकलेली बाई नुसती शेजारी उभी असली की बराबर असतं."

सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. राजूरला गाडी थांबली तेव्हा काकूंनी खिडकीतूनच गणपतीला हात जोडले. भोकरदनहून पुढं जीपनं गेलो. बाजाराला जायच्या आधीच घरी गाठायची, असा त्यांचा बेत होता आणि तो बरोबर जमला. दारात सासू भेटली. काकू म्हणाल्या, "मी मंदाच्या माहेरची. जेवायला आलेय."

आता जेवायला आलेल्या बाईला कोण हाकलणार? आम्हाला पाट मांडले. मंदा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि मी तिला ओळखलंच नाही. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. काकूंना बघून ती जागच्या जागी उभी राहिली. ताटं वाढली. पिठलं, भाकरी, कांदा. काकू म्हणाल्या, "हिचं ताट?"

"तिचा उपास हाय," सासू म्हणाली. मग तिनंच सांगितलं. बाई दुष्ट नव्हती, तिला त्यात काही लपवण्यासारखं वाटतच नव्हतं; माहेरी काळजी नको म्हणून लपवलं होतं ते मंदानंच. दोन वर्षं झाली, घरात पाळणा हलला नाही. कोणी सांगितलं सोमवार धर, कोणी गुरुवार, कोणी शनिवार. सगळेच वार धरले होते. सांजच्याला अर्धी भाकरी. "देवाचं हाय, बाई. आमी काय तिला उपाशी मारून राह्यलो का?"

"मंग माझाबी उपास," काकू म्हणाल्या आणि ताटावरून हात मागं घेतला. "ती जेवल तवा मी जेवन."

मीही हात मागं घेतला. पुढं कितीतरी वेळ तसाच गेला. पिठल्यावर साय धरली. शेजारच्या बाया काहीतरी निमित्त काढून डोकावून गेल्या. पाहुणी भरल्या ताटावर उपाशी बसली आहे, ही गोष्ट गावात पसरायला वेळ लागत नाही. सासू आधी विनवायला लागली, मग चिडली, मग रडकुंडीला आली. काकू एकच बोलल्या, "उपाशी पोटात देव तरी लेकरू कशाला घालील, सांगा मला." शेवटी ओसरीवर बसलेल्या सासऱ्यानं आत न बघता सांगितलं, "वाढ तिला."

मंदा काकूंच्या शेजारी बसली. पहिला घास तिला गिळवेना. मग ती जेवू लागली. मान वर न करता, कोणाकडं न बघता जेवत राहिली. तिच्या पानात भाकरी कोण वाढतंय, हे मी बघितलं, तर सासूच वाढत होती.

मंदाचा नवरा शेतातून आला तेव्हा आम्ही निघायच्या तयारीत होतो. विशी-बाविशीतला पोरगा, दाराशी उभा राहून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. काकू त्याला म्हणाल्या, "चार दिस माहेरी नेते. नेऊ का?" त्यानं आईकडं बघितलं, बापाकडं बघितलं आणि मान हलवली. परतीच्या एसटीत मंदा काकूंच्या खांद्यावर डोकं टाकून जी झोपली, ती जालन्याच्या स्टँडवर उठली.

चार दिवसांनी तिला पाठवता आलं नाही. डॉक्टरांनी अंगात रक्तच नाही म्हणून सांगितलं. सासरहून निरोप आला, आता तिकडंच ठेवून घ्या. तो निरोपही काकूंच्याच फोनवर आला आणि काकूंनाच जाऊन सांगावा लागला. मग गल्लीत कुजबुज सुरू झाली. म्हातारीनं पोरीचं घर मोडलं. फोन आहे म्हणून काय लोकांच्या संसारात हात घालायचा का? इतकी वर्षं काकूंच्या कोनाड्यापुढं हसलेली-रडलेली माणसं आता रस्त्यावरच्या एसटीडीवर जाऊ लागली. घंटी वाजायची बंद झाली. काकू उंबऱ्यात बसायच्या. येणाऱ्याजाणाऱ्याला "जेवलात का?" विचारायच्या आणि माणसं "हो हो" करत पुढं सरकायची. मी एकदा म्हटलं, "काकू, वाईट वाटतं का?" त्या म्हणाल्या, "वाटतं की. पण पोरगी भाकर खाऊन राह्यली ना?"

हे किती महिने चाललं, ते आता आठवत नाही. एका रविवारी भर दुपारी मंदाचे वडील काकूंच्या दारात आले. चपला काढल्या. कोपरीवर, खांद्याला नेहमीचा टॉवेल होता, तो हातात घेतला. "काकू, तीर्थपुरीला भावाला फोन लावून द्या." काकूंनी लावून दिला आणि त्या आत निघाल्या. ते म्हणाले, "बसा. तुमी इथंच बसा." मग ते मोंढ्यात गाडीवाल्याला हाक मारावी तसे फोनमध्ये ओरडले. सगळी गल्ली दारात आली. "मंदा घरी हाय! हां, इथंच हाय! न्हाई, कोनी घर मोडलं न्हाई, आमीच जाऊन आनली तिला! माझी लेक हाय, मीच आनली!" फोन ठेवला, टॉवेलानं तोंड पुसलं आणि काकूंकडं न बघता निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून लोक परत येऊ लागले. कोणी माफी मागितली नाही, काकूंनीही कोणाकडून तिची अपेक्षा केली नाही.

वर्षभरानं मंदाचा नवरा एक पत्र्याची पेटी घेऊन गल्लीत उभा राहिला. त्याला इथल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये काम मिळालं. पलीकडच्या गल्लीत खोली घेऊन दोघं राहू लागले. त्यांना पुढंही मूल झालं नाही. पण त्यावरून मंदा पुन्हा कधी उपाशी राहिली नाही.

पुढं घरोघरी फोन आले, मग खिशाखिशात आले. काकूंच्या गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा मुलगा त्यांना नाशिकला घेऊन गेला. त्या जायला तयार नव्हत्या. रिक्षात बसवताना शाहीनभाभी त्यांच्या पाया पडल्या आणि काकूंनी त्यांच्या डोक्यावरची ओढणी सारखी केली, एवढंच मला आठवतं. 

काही वर्षांनी, थंडीच्या दिवसांत, त्यांच्या मुलाचा मला फोन आला. काकू सकाळी गेल्या होत्या. मी शाळेतून घरी आले आणि गल्लीत सांगायला निघाले. एवढीशी गल्ली, पण दोन्ही टोकं व्हायला संध्याकाळ झाली. प्रत्येक घरात मला बसवून घेतलं. शेवटी मंदाकडं जाऊन आले, तर ती माझ्या मागोमाग आईच्या ओट्यावर येऊन बसली. तिची आई बसली. भाभी आल्या. मंदाचे वडील आता थकले होते, तेही भिंत धरत धरत बाहेर आले. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. कोणीतरी काकूंची एक गंमत सांगितली, मग दुसऱ्यानं दुसरी. आम्ही हसलो. मंदा हसता हसता एकदम उठून भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. तिच्या वडिलांनी तिला हाक मारली नाही, नुसतं सरकून शेजारी जागा केली. ती परत येऊन तिथं बसली. दिवेलागण होऊन गेली होती. घरात दिवे लावायचे राहिले होते, ते सगळ्यांना कळत होतं, पण पहिल्यांदा उठायला कोणीच तयार नव्हतं.